हवा बदलली की कोरडी त्वचा, खाज आणि इसब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला की कोरड्या त्वचेचे आणि इसबाचे प्रश्न यायला लागतात, ते होळीपर्यंत चालू राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी रोजच्या साध्या गोष्टी, मग औषधे आणि शेवटी फसवणारे अपवाद. इसब असलेल्या मुलाला ताप असेल आणि अंगावर फोड आले असतील, तर आधी थेट प्रश्न २२ वाचा.

१. थंडी पडलेलीही नसते, तरी दिवाळीच्या आसपास अंग का खाजायला लागतं?

कारण त्वचेला थंडीपेक्षा कोरडी हवा जास्त बाधते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे राज्याच्या बहुतेक भागातून माघार घेतात आणि समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेऐवजी जमिनीवरून कोरडी हवा वाहू लागते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही मेदद्रव्ये असतात. आतले पाणी धरून ठेवण्याचे काम त्यांचे. हवा कोरडी झाली की पाणी वेगाने उडते, थराला बारीक चिरा पडतात आणि साबण, धूळ, घाम आत शिरून खाज सुटते. त्याच सुमारास आपण आंघोळीचे पाणी जास्त गरम करायला लागतो, त्याने भर पडते.

पुणे, नाशिक, विदर्भ, मराठवाडा इथे हा त्रास लवकर सुरू होतो. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीत जमिनीकडून वारे वाहतात त्या दिवसांत तो जाणवतो. म्हणून खाज सुटायची वाट पाहू नका. घटस्थापनेच्या सुमारासच मॉइश्चरायझर रोज लावायला सुरुवात करा. बिघडलेला थर भरून यायला आठवडे लागतात, तो टिकवायला रोजची पाच मिनिटे पुरतात.

२. साधी कोरडी त्वचा आणि इसब यांत फरक कसा ओळखायचा?

कोरडी त्वचा आंघोळीनंतर ताणल्यासारखी वाटते, नख ओढले की पांढरी रेघ उठते, नडगीवर कोंडा दिसतो. आठवडाभर नीट मॉइश्चरायझर लावले की ती बरीच सुधारते. इसबात खाज झोप मोडण्याइतकी असते आणि ठरावीक जागा पुन्हा पुन्हा उठतात: कोपराच्या आतली घडी, गुडघ्यामागे, मान, मनगट, डोळ्यांभोवती. बाळांमध्ये आधी गाल. खाजवून लस येते किंवा बरेच महिने खाजवत राहिल्याने कातडी जाड आणि काळी होते.

इंटरनेटवरच्या फोटोंत इसब लालभडक दिसतो, कारण ते बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात. सावळ्या त्वचेवर तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो आणि कधी नुसते कोंबडीच्या कातडीसारखे बारीक दाणे असतात. लाली नाही म्हणून इसब नाही, असे समजू नका.

घरात दमा, सततची सर्दी-शिंका किंवा इसब असेल तर शक्यता वाढते. फिलॅग्रिन हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवते. त्याच्या जनुकातील दोषांचा इसबाशी संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. म्हणजे कित्येकांची त्वचा जन्मतःच थोडी गळकी असते, त्यात आईच्या काळजीची काही कसूर नसते.

३. इसब दुसऱ्याला लागतो का? मुलाला शाळेत पाठवावं का?

लागत नाही. शाळेत, खेळायला, पोहायला जरूर पाठवा. पोहून झाले की लगेच साध्या पाण्याने अंग धुऊन मॉइश्चरायझर लावा. मात्र घरात दोघा-तिघांना एकदमच खाज सुटली असेल, तर प्रश्न १६ पाहा.

४. आंघोळ रोज करावी की एक दिवसाआड? पाणी किती गरम हवं?

रोज, एकदा, ५ ते १० मिनिटांत. आंघोळीने घाम, धूळ आणि जंतू निघतात, त्यामुळे ती टाळण्यात फायदा नाही. पाणी कोमट हवे: कोपर बुडवले तर गरमही लागू नये, गारही. कडक पाणी खाजेवर ओतले की क्षणभर फार बरे वाटते, पण अर्ध्या तासात खाज दुपटीने परत येते, कारण त्या पाण्याने उरलासुरला मेदही धुऊन नेलेला असतो.

अंग घासायला घायपात, जाळी, दगड नको. वजरी फक्त टाचांसाठी. पाण्यात जंतुनाशक द्रव टाकू नका, इसबाच्या त्वचेला ते चांगलेच झोंबते. मऊ पंच्याने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. आणि त्वचा ओलसर असतानाच, ३ मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. डबा न्हाणीघरातच ठेवला की हे आपोआप जमते. कपाटात ठेवला तर केस पुसून, कपडे घालून होईपर्यंत अंग सुकून जाते.

५. साबण कोणता वापरावा? टीएफएम जास्त असलेला चांगला ना?

टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण मेदाचे प्रमाण. ते ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या श्रेणीचा साबण. त्यावरून साबणाचा कस कळतो, सौम्यपणा नाही. मेदापासून बनलेला कोणताही खरा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच (७ च्या वर अल्कधर्मी, खाली आम्लधर्मी) साधारण ९ ते १०. निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. हा फरक इसबाच्या त्वचेला सोसत नाही.

त्याऐवजी 'सिंडेट' वडी (दिसायला साबणासारखी, पण खऱ्या साबणाऐवजी सौम्य कृत्रिम स्वच्छकाची) किंवा बिनसुगंधी क्लेन्झर घ्या. औषधांच्या दुकानात मिळतो, पीएच ५.५ च्या जवळ असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असते. तोही काखा, जांघा, पावले एवढ्यालाच लावा. हातपाय आणि पाठ रोज फेसाने धुवायची गरज नसते. 'हर्बल', 'ग्लिसरीनयुक्त', 'पारदर्शक' या शब्दांवर जाऊ नका. डाळीच्या पिठाबद्दल प्रश्न १० मध्ये आहे.

६. दिवाळीत अभ्यंगस्नान आणि उटणं चालेल का?

तेल चालेल, उटणे जपून. उटण्यातली गव्हला कचोरा, नागरमोथा, संत्र्याची साल ही भरड असते. घासताना ती आधीच चिरा पडलेल्या त्वचेला ओरखडते, आणि बाजारच्या पुड्यांत वरून सुगंधही घातलेला असतो. पाडव्याच्या दिवशी इसब उसळल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात, त्यात उटण्याचा हात बराच असतो. उठलेल्या जागी उटणे अजिबात लावू नका. रीत म्हणून तळहाताला, पावलाला बोट लावले तरी सण साजरा होतो.

तेलासाठी साधे तिळाचे किंवा खोबरेल घ्या, सुवासिक अभ्यंग तेल नको. आणि एक लक्षात घ्या: आंघोळीआधी लावलेले तेल साबणाने किंवा उटण्याने निघून जाते. त्यामुळे अभ्यंग केले तरी आंघोळीनंतर मॉइश्चरायझर लावावेच लागते.

दिवाळीतच सांगायला हवी अशी आणखी एक गोष्ट. पॅराफिन किंवा तेल असलेली मलमे कपड्यांत, चादरीत मुरतात आणि असा कपडा लवकर पेट घेतो. पणती, फटाके, गॅसची शेगडी यांच्याजवळ मलम मुरलेले कपडे घालून जाऊ नका. धुतल्यानेही ते पूर्ण निघत नाही.

७. खोबरेल तेल पुरेसं आहे का, की क्रीमच हवं?

साध्या कोरडेपणाला खोबरेल पुष्कळदा पुरते, फक्त ते ओल्या अंगावर लावायला हवे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरले होते. सगळी तेले मात्र सारखी नाहीत. ऑलिव्ह तेल त्वचेचा वरचा थर कमकुवत करते आणि मोहरीचे तेल चुरचुरते. महाग आहे म्हणून बाळाला ऑलिव्ह तेल चोळू नका.

तेल पाणी अडवते, पण पाणी ओढून धरणारा घटक त्यात नसतो. क्रीममध्ये ग्लिसरीनसारखा तो घटकही असतो. म्हणून मध्यम किंवा जास्त इसबाला नुसते तेल कमी पडते. लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिन असलेले बिनसुगंधी क्रीम कुठल्याही औषध दुकानात मिळते आणि परवडते. लोशन सर्वांत पातळ, क्रीम मध्यम, मलम सर्वांत घट्ट. जितके घट्ट तितके ते पाणी जास्त अडवते. नागपूरच्या जानेवारीत मलम किंवा पेट्रोलियम जेली उत्तम. तेच ठाण्याच्या ऑक्टोबरच्या घामात लावले तर घामोळे आणि केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, तिथे क्रीम बरे.

८. मॉइश्चरायझर किती लावायचं? आमची ट्यूब महिनाभर पुरते.

तर ते फारच कमी लागते आहे. 'सगळे करून पाहिले, फरक नाही' म्हणणाऱ्यांचे बहुतेक इथेच चुकत असते. अंगभर इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला सुमारे ५०० ग्रॅम लागते, मुलाला २५० ग्रॅमच्या पुढे. फक्त दोन्ही पायांना दिवसातून दोनदा लावायचे असले तरी आठवड्याला १०० ते २०० ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन-चार दिवसांची. मोठा डबा घेणेच परवडते.

पाच-सहा ठिकाणी ठिपके द्या आणि लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेने, वरून खाली, हलकेच पसरवा. चोळून जिरवू नका. दहा मिनिटे अंग तुकतुकीत दिसायला हवे. डब्यात बोटे घालू नका, कोरड्या स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर नखांतले जंतू डब्यात वाढतात. सकाळी एकदा, झोपताना एकदा, आणि हात धुतले की हातांना. त्वचा बरी दिसायला लागली तरी चालू ठेवा.

९. लावलं की चरचरतं, म्हणून मूल लावूच देत नाही.

वेष्टनावर युरिया, लॅक्टिक ॲसिड किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे का पाहा. चिरा पडलेल्या त्वचेला ते झोंबतात. मुलांना घट्ट मलम सहसा झोंबत नाही. तळहातावर कोमट करून लावा. युरिया वाईट नाही: टाचांच्या भेगांना १० ते २० टक्के युरियाचे क्रीम रात्री लावून सुती मोजे घातले तर दोन आठवड्यांत फरक दिसतो. पण ते मोठ्यांच्या टाचांसाठी, बाळाच्या गालांसाठी नाही.

१०. बाळाला मालीश, डाळीचं पीठ आणि धुरी: काय चालू ठेवावं?

मालीश ठेवा, हात हलका हवा. डाळीचे पीठ, साय-हळद यांनी अंग घासणे आणि लव काढायला पिठाचा गोळा फिरवणे थांबवा. लव काही महिन्यांत आपोआप जाते, घासून फक्त गाल सोलवटतात. धुरीचा धूर कोरडा आणि तिखट असतो, त्याने त्वचा आणि श्वास दोन्ही बिघडतात. वेखंडाची पूडही नको. मालीश करणाऱ्या मावशींना हे नीट, मानाने सांगा. त्या अनेक घरांत जातात, एकदा पटले की बऱ्याच बाळांचे भले होते.

इसब साधारण दोन-तीन महिन्यांच्या पुढे गालांवर, कपाळावर सुरू होतो. लाळ आणि दूध गालावर सुकू देऊ नका, टिपून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. लंगोटाची जागा इसबात सहसा वाचते. पुरळ तिथेच जास्त असेल तर कारण वेगळे असू शकते. लसीकरण इसबामुळे लांबवू नका.

११. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं आहे. लावायची भीती वाटते.

चूक दोन टोकांना होते. काही जण इतके कमी लावतात की दाह विझतच नाही, काही जण विनातपासणी महिनोन्महिने लावत राहतात (प्रश्न १२). दाह कोरडेपणाच्या पलीकडे गेला की नुसत्या मॉइश्चरायझरने तो शमत नाही. योग्य ताकदीचे मलम, पुरेसे, ठरलेल्या दिवसांपुरते लावणे हाच सुरक्षित मार्ग.

मोजमाप असे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मुलासाठीही बोट मोठ्याचेच मोजा.

ताकद: हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सौम्य, मोमेटासोन आणि बीटामेथासोन तीव्र, क्लोबेटासॉल अतितीव्र. चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथली कातडी पातळ असते, तिथे सहसा सौम्यच देतात. हाताचे मलम चेहऱ्याला लावू नका, थोरल्याचे धाकट्याला नको.

खाज कमी झाली की दोन दिवसांत थांबवणे ही नेहमीची चूक. हात फिरवल्यावर ती जागा आजूबाजूइतकी गुळगुळीत लागेपर्यंत लावायचे असते, बहुधा एक ते दोन आठवडे. वारंवार उठणाऱ्या जागी नंतर आठवड्यातून दोनच दिवस लावून उसळी रोखण्याची पद्धतही आहे, ती डॉक्टरांना विचारा. मॉइश्चरायझर आणि हे मलम यांत २०-३० मिनिटांचे अंतर ठेवा. कातडी पातळ होणे, शिरा दिसणे, ताणाच्या रेषा, चेहऱ्यावर मुरमे दिसली तर दाखवायला जा.

पापण्या, चेहरा अशा जागी दीर्घकाळ लागणार असेल तर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेले मलम देतात. २ वर्षांवरील मुलांना ०.०३ टक्के, मोठ्यांना ०.१ टक्के. पहिले काही दिवस ते जळजळते, मग सवय होते. अंगभर, हट्टी इसबासाठी आता गोळ्या आणि इंजेक्शनेही आहेत. पण 'एक सुई घ्या, खाज जाईल' म्हणून मिळणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन त्यांत येत नाही. त्याचा असर उतरला की इसब आधीपेक्षा जोराने उठतो.

१२. मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या मलमाने दोन दिवसांत बरं वाटतं, मग परत येतं. असं का?

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. बहुतेक वेळा त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, सोबत एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक असते. स्टिरॉइडने खाज लगेच थांबते, म्हणून मलम गुणकारी वाटते. खाली गजकर्ण (बुरशीचा संसर्ग) असेल तर ते दबून पसरत राहते आणि नंतर त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला कठीण जाते. इसब असेल तर थांबवल्यावर उसळतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच' मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती सहज मिळतात. घेऊ नका.

उजळपणासाठी मैत्रिणीने सुचवलेल्या क्रीममध्येही मोमेटासोन हे स्टिरॉइड आणि सोबत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असू शकते. महिनोन्महिने लावून एकदम बंद केले तर चेहरा लाल होऊन पेटतो. ते कसे सोडायचे हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

१३. रात्री खाज थांबतच नाही. काय करावं?

झोपण्याआधी कोमट पाण्याने अंग धुऊन मॉइश्चरायझरचा जाड थर द्या. एक डबा फ्रिजमध्ये ठेवा, गार क्रीमने खाज लवकर शमते. नखे कापून कानशीने गुळगुळीत करा. खाजवण्याऐवजी तळहाताने दाबून धरा किंवा ओला गार रुमाल ठेवा. लोकर आणि नायलॉन अंगाला लागू देऊ नका. बनियनची शिवण टोचत असेल तर उलटे घाला.

खाज फारच असेल तर ओले कपडे घालण्याची पद्धत आहे: मॉइश्चरायझर लावा, सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि विजार कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, घाला, वरून कोरडे कपडे चढवा, दोन-तीन तास किंवा रात्रभर ठेवा. खोली गार नसावी. पू किंवा पिवळ्या खपल्या असतील तर हे करू नका, आणि आत तीव्र स्टिरॉइड लावायचे तर डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, पण इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची (ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या द्रव्याची) नसल्याने ती मुळापासून जात नाही.

१४. वांगं, आंबट, अंडी, दूध बंद करावं का?

सरसकट नको. बहुतेकांच्या इसबाचे कारण ताटात नसते. पथ्यामुळे मुलांची वाढ खुंटते आणि स्तनपान करणारी आई अशक्त होते, इसब तसाच राहतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर तेवढा पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या चाचणीत दहा पदार्थांपुढे अधिकचे चिन्ह आले म्हणून दहा पदार्थ सोडायचे नसतात. जास्त पाणी पिऊनही कोरडी त्वचा ओली होत नाही.

१५. मुलाच्या गालावर पांढरट डाग आहेत. जंत की कॅल्शियम कमी?

दोन्ही नाही. हा सौम्य इसबाचाच एक प्रकार, पिटिरियासिस अल्बा. उन्हात आजूबाजूची त्वचा रापली की डाग जास्त उठून दिसतात. मॉइश्चरायझर लावत राहा. रंग भरायला काही महिने लागतात. जंताचे औषध द्यायचे तर जंतांसाठी द्या, डागांसाठी नको. डाग दुधासारखा पांढराशुभ्र आणि कडा स्पष्ट असेल, किंवा तिथे स्पर्श कळत नसेल, तर मात्र लगेच दाखवा. बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो, त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

१६. हा इसब आहे, गजकर्ण की खरूज?

गजकर्णाची कड उठावदार असते, मधला भाग निवळतो आणि ते बाहेर पसरते. जांघेत, कमरेला जास्त. नाण्यासारखा गोल इसबही असतो, पण तो मधोमध तितकाच खरखरीत असतो. खात्री नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पाच-दहा मिनिटांचे काम आहे. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या येतात आणि घरातल्या इतरांनाही खाज असते. तिचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे असते, खाज नसलेल्यांनीही. एकजण राहिला की ती परत फिरते.

१७. हिवाळ्यात हात उलतात, बोटांतून रक्त येतं. घरकाम तर थांबत नाही.

भांड्यांच्या साबणाची सवय इथे नडते. आतून पातळ सुती आणि वरून रबरी हातमोजे घाला. २० मिनिटांत काढून हात कोरडे करा, आत घाम साचला तर उलटे बिघडते. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण अडकतो. हात धुतले की लगेच क्रीम, रात्री पेट्रोलियम जेलीवर सुती हातमोजे.

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांचीच टोके फुटत असतील (डावखुऱ्यांची उजवीकडची) तर लसूण सोलणे आठवून पाहा. पाकळी धरणारी बोटे तीच. लसणातल्या द्रव्याची ॲलर्जी साध्या रबरी हातमोज्यांतूनही पोचते, त्यामुळे लसूण दुसऱ्याला सोलू द्या. तीन आठवड्यांत बोटे भरली तर कारण सापडले.

१८. चाळिशीनंतर पहिल्यांदाच चेहऱ्यावर, मानेवर इसब आला. शेतात गेलं की वाढतो.

गाजर गवताचा संशय घ्या. गाजर गवत, काँग्रेस गवत, पांढरफुली ही त्याची नावे. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरले. त्याचे कण हवेतून येऊन वरच्या पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या आणि कोपराच्या घडीत बसतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर जास्त. पहिली काही वर्षे हिवाळ्यात आराम पडतो, मग त्रास बारमाही होतो. त्वचारोग विभागात पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पट्टीने अंगावर चिकटवून ॲलर्जी पाहायची चाचणी) करून खात्री होते. गवत फुलावर येण्याआधी उपटा, पण ज्याला त्रास आहे त्याने नाही. वाळलेले जाळू नका. शेतातून आल्यावर लगेच आंघोळ, कपडे बाहेर न वाळवता घरात.

१९. बिब्बा, कडुनिंबाचं पाणी, हळद: यांनी बरं होतं का?

बिब्बा कधीच लावू नका. त्याच्या तेलाने त्वचा भाजते, फोड येतात, काळे व्रण राहतात. टाचांच्या भेगांना आणि जुन्या खाजेला तो लावून हाल झालेले लोक अजूनही दवाखान्यांत येतात. कडुनिंबाचे दाट पाणी कोरड्या त्वचेला आणखी कोरडे करते, हळदीची ॲलर्जीही काहींना असते. लिंबू, मीठ, टूथपेस्ट यांनी फक्त आग होते. शतधौत घृत, म्हणजे पाण्यात वारंवार फेटलेले तूप, ताजे आणि स्वच्छ असेल तर कोरड्या जागी मॉइश्चरायझरसारखे चालते. लस येणाऱ्या जागी नको.

२०. आजोबांच्या नडग्यांवर सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडल्या आहेत.

वयाने तैलग्रंथी मंदावतात, त्यात कडक पाणी आणि साबण. प्रश्न ४ आणि ८ प्रमाणे दोन आठवडे करा. भेगा लाल, दुखऱ्या असतील तर डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे मलमही लागते. मधुमेह असेल तर टाचेची भेग रोज पाहा. अंगावर काही न दिसता सर्वांगाला खाज असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातील लोह आणि साखर तपासून घ्या. अंगात पाणी साठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही त्वचा कोरडी पडते. त्या स्वतःहून बंद मात्र करू नका.

२१. उन्हाळ्यात, पावसाळ्यात सगळं बंद करू का? आणि आम्ही परदेशात आहोत, बोअरचं पाणी आहे, एसी आहे…

मॉइश्चरायझर पातळ करा, बंद करू नका. उन्हाळ्यात घाम हेच खाजेचे कारण असते: दुपारी साध्या पाण्याने हात-मान धुवा, टिपा, हलके लोशन लावा. विदर्भातला कूलर हवेत ओलावा आणतो, एसी काढून घेतो. पावसाळ्यात ओले कपडे, दमट बूट यांनी चिखल्या आणि गजकर्ण वाढते, तिथे घट्ट मलम नको.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर अंगावर राहतो, म्हणून सिंडेट. पाणी मऊ करणारे यंत्र केवळ इसबासाठी घेऊ नका. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही. टोरांटो, शिकागोसारख्या ठिकाणी हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते. तिथे आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याहून फार वाढवली तर भिंतींवर बुरशी येते.

२२. डॉक्टरांकडे जायला कधी थांबू नये?

पिवळ्या, मधासारख्या खपल्या, पू, वाढती सूज, ताप: त्याच दिवशी डॉक्टर. सारख्या आकाराचे, खोलगट, टोचून काढल्यासारखे फोड झपाट्याने पसरत असतील आणि ताप किंवा मरगळ असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. ओठांवर पाणीदार फोड आणणारा हर्पीस विषाणू इसबावर असा पसरतो, आणि डोळ्याजवळ पोचला तर दृष्टीला धोका असतो. तोवर त्या फोडांवर स्टिरॉइड लावू नका. घरात कोणाच्या ओठावर असे फोड असतील तर त्यांनी बाळाचा पापा घेऊ नये. सर्वांग लाल होऊन हुडहुडी भरत असेल तर तेही तातडीचे. आणि तातडीचे नसले तरी, दोन आठवडे सगळे नीट करूनही झोप मोडत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्याही, सोबत न्या.